दहा बाय दहाची खोली: लेकीची आणि आजीची

फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी लेकीने मला भातुकलीच्या जेवणाला बोलावलं. चिमुकल्या लाकडी ताटलीत चुरमुरे, वाटीत पाणी आणि ताटाच्या डाव्या बाजूला, जिथे आपण लोणचं वाढतो तिथे, आईंच्या बीपीच्या तीन गोळ्या. आठवड्याच्या सात कप्प्यांची ती डबी उशाशी असायची आणि तिचं झाकण अंगठ्याने उघडतं. मी गोळ्या मोजल्या, परत मोजल्या, पाकिटाशी ताडून पाहिल्या. सगळ्या होत्या. त्या रात्री मी ठरवलं की ही खोली मुळापासून बदलायची.

आमचं घर डोंबिवलीत, दोन बेडरूमचं. एक खोली आम्हा दोघांची, दुसरी सासूबाई आणि लेक यांची. आई अडुसष्ट वर्षांच्या, लेक तेव्हा साडेचारची. आजी-नातवंडांची एकत्र खोली आपल्याकडे घरोघरी असते, पण मुलांची खोली म्हणून जे फोटो बघायला मिळतात त्यांत आजी कुठेच नसते. म्हणून आम्ही काय केलं ते नीट लिहिते आहे. अनुभवाअंती माझं म्हणणं एकच: अशी खोली जमिनीवर वाटू नका, उंचीत वाटा.

खरेदीला निघण्याआधी टेप काढा. लेकीची उंची ३ फूट ५ इंच भरली. टाचा न उचलता हात वर केला की बोटं ४ फुटांपर्यंत जातात. डोळे साधारण ३ फुटांवर. आई ५ फूट उंच, दोन्ही गुडघे दुखरे, वाकून काही उचलायचं म्हणजे त्यांना पलंगाचा आधार लागतो. त्यांचा हात सुखाने फिरतो तो कमरेपासून, म्हणजे अडीच-तीन फुटांपासून, ५ फुटांपर्यंत. आता खोलीत तोवर काय होतं ते बघा. लोखंडी कपाटात लेकीचे फ्रॉक सगळ्यात वरच्या कप्प्यात, आईंच्या रोजच्या साड्या तळाशी. म्हणजे लेक दर वेळी मला हाक मारणार आणि आई दर वेळी कण्हत वाकणार. चार वर्षं हे असंच चाललं होतं आणि आमच्यापैकी कुणाच्याच ते लक्षात आलं नव्हतं.

मी चारही भिंतींवर जमिनीपासून ३ फुटांवर पेन्सिलीने रेघ मारली. रेघेच्या खाली लेकीचं. रेघेपासून साडेपाच फुटांपर्यंत आईंचं. त्याच्या वर, माळ्यापर्यंत, माझं: पाहुण्यांची अंथरुणं, स्वेटर, पुढच्या मापाचे कपडे. पुढचा प्रत्येक निर्णय या रेघेकडे बघून घेतला.

मग खोली रिकामी करा. अर्धी नाही, पूर्ण. आम्ही मे महिन्याच्या सुट्टीतले तीन दिवस घेतले आणि सगळं हॉलमध्ये आणून टाकलं. कपडे आधी, पुस्तकं मग, खेळणी सगळ्यात शेवटी, कारण खेळण्यांपाशी मूल अडकतं. आणि हे मुलाच्या पाठीमागे करू नका. शाळेतून येऊन बघतं तर अस्वल गायब, असं एकदा झालं की पुढे कितीतरी दिवस ते कशालाच हात लावू देत नाही. मात्र "हे टाकायचं का?" असंही विचारू नका, उत्तर "नाही" हेच येतं. मी पाच मोटारी तिच्यासमोर ओळीने मांडल्या आणि विचारलं, "यातल्या दोन कुठल्या घ्यायच्या?" तिने पाच मिनिटं विचार करून दोन उचलल्या. ज्यांच्याबद्दल काही ठरत नव्हतं ती खेळणी एका खोक्यात घालून वर तारीख लिहून महिनाभर माळ्यावर ठेवली. महिन्यात त्यातल्या फक्त एका माकडाची आठवण निघाली, ते खाली आलं.

मोडकं खेळणं कुणाला देऊ नका. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींना मी आधी विचारलं, त्यांच्या नातीला काय आवडतं ते ऐकलं आणि धुऊन-पुसून, सगळे भाग असलेलीच दिली.

बॅटरीची खेळणी चाळताना एक काम जरूर करा. ज्यांत नाण्यासारखी चपटी बॅटरी असते त्यांचं झाकण स्क्रूने बंद आहे ना ते बघा. ती बॅटरी गिळली गेली तर अन्ननलिकेला दोन तासांत भाजल्यासारखी जखम होते. आमच्याकडे गाणारी एक किल्ली निघाली, झाकण नुसतं खटक्याचं. ती लगेच बाद केली. नवीन खेळणं घेताना आयएसआय खूण बघा, १ जानेवारी २०२१ पासून ती खेळण्यांवर सक्तीची आहे.

आता भिंती. आमची पश्चिमेची भिंत दर पावसाळ्यात फुगायची, रंगाचे पापुद्रे सुटायचे आणि कोपऱ्यात काळी बुरशी. त्याच भिंतीला लागून लेक झोपायची आणि पावसाळाभर खोकायची. अशा भिंतीवर नुसता नवा रंग मारणं म्हणजे पैसे पाण्यात. आधी ओल कुठून येते ते शोधा. दोन फुटांचा चौकोनी प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बसवा आणि दोन दिवस तसाच ठेवा. आतल्या, भिंतीकडच्या बाजूला पाण्याचे थेंब जमले तर ओल भिंतीतून येते आहे. बाहेरच्या बाजूला जमले तर ती खोलीतल्या हवेतली वाफ आहे, मग खिडकी उघडी ठेवणं हाच मोठा उपाय. आमच्याकडे थेंब आत होते. खिडकीवरच्या छज्ज्याच्या सांध्याला भेग निघाली. ती एप्रिलमध्ये बाहेरून बुजवून घेतली, भिंत तीन आठवडे उन्हात वाळू दिली आणि मगच आत हात लावला. पाऊस तोंडावर आल्यावर हे काम काढू नका.

इमारत जुनी असेल तर खरवडताना जपा. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत ९० पेक्षा जास्त नको हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. आमची इमारत १९९६ सालची. म्हणजे दार-खिडक्यांवरच्या जुन्या ऑइलपेंटात शिसं असण्याची शक्यता धरूनच चालायला हवं. रंगाऱ्याला मी कोरडा घासपेपर मारू दिला नाही. पाणी मारून घासायला सांगितलं, रोज संध्याकाळी ओल्या फडक्याने फरशी पुसली आणि आई आणि लेक यांना आठवडाभर नणंदेकडे ठाण्याला पाठवलं. लहान मुलं जमिनीवर रांगतात, हात तोंडात घालतात, त्या धुळीचा त्रास सगळ्यात जास्त त्यांनाच.

पुट्टीचे दोन हात, प्रायमरचा एक, रंगाचे दोन. रंग पाण्यात मिसळायचा, धुता येणारा इमल्शन. वरच्या भागाला दुधाच्या सायीचा रंग आणि खालच्या तीन फुटांच्या पट्ट्याला लेकीने निवडलेला पेरूच्या गराचा गुलाबी. तिला अख्खं शेडकार्ड दाखवलं नाही, दोनच रंग समोर ठेवले. गुलाबीला दोन लिटर लागले, सायीला चार. दोन रंगांच्या मधली कड सरळ यायला कागदी चिकटपट्टी लावा आणि दुसरा हात पुरता वाळायच्या आत ती सोडवा.

ही गुलाबी कड म्हणजे माझी पेन्सिलची रेघच. रंग झाल्यापासून कुणाला काही सांगावं लागत नाही. "गुलाबीवर ते माझं, सायीवर ते आजीचं," हे लेकीनेच पहिल्या दिवशी जाहीर केलं. बोटांचे डागही गुलाबीवर कमी दिसतात. कार्टूनची स्टिकरं मी लावू दिली नाहीत, काढताना ती पुट्टीसकट निघतात. चित्रांसाठी भिंतीवर सुतळी ताणली आणि लाकडी चिमटे अडकवले. टाचण्या नाहीत. चित्र सुकलं की लेक स्वतः लटकवते, जुनं स्वतः उतरवते.

दाराच्या चौकटीवर उंचीच्या खुणा असतील तर रंगारी यायच्या आधी कागदाच्या लांब पट्टीवर उतरवून घ्या. आमच्याकडे वाढदिवसाच्या चार होत्या. रंग वाळल्यावर त्या जागच्या जागी परत काढल्या.

खोलीतली नवीन वस्तू एकच केली: सुतारकाकांकडून ठेंगणी मांडणी. ४ फूट लांब, ३ फूट उंच, १ फूट खोल, दारं नाहीत. अठरा एमएमच्या आठ बाय चारच्या एका प्लायमध्ये ती होते, तुकडेही उरतात. आमच्या भिंतीचा इतिहास बघून आम्ही आयएस ७१० खुणेचा, पाण्याला टिकणारा प्लाय घेतला. कोरड्या खोलीला इतका भारी लागत नाही. सुतारकाकांना तीन गोष्टी आग्रहाने सांगा. कोपरे आणि कडा गोल घासा. दोन्ही बाजूंच्या फळ्यांना आतून दोन-दोन इंचांवर भोकं पाडा, म्हणजे मधल्या फळ्या वर-खाली करता येतील. आणि मांडणी भिंतीत प्लग बसवून एल-पट्टीने वरून दोन ठिकाणी पक्की आवळा. मूल फळीची शिडी करतं, हे धरूनच चाला. आईंचं लोखंडी कपाटही तेव्हाच भिंतीला आवळून घेतलं. नवीन प्लायला आणि चिकटवणीला वास येतो, तो जाईपर्यंत आठ दिवस खिडक्या उघड्या ठेवून खोलीत कुणाला झोपवलं नाही.

या मांडणीत एक गंमत साधली. आतले कप्पे लेकीचे आणि वरची फळी, बरोबर ३ फुटांवर, आईंची. तिथे त्यांचा चष्मा, जपमाळ, पोथी आणि पाण्याचं तांब्या-भांडं. वाकावं लागत नाही, ताणावंही लागत नाही. लेकीचा हात तिथे पोचतो, म्हणून तिथे औषध मुळीच नाही. गोळ्या लोखंडी कपाटाच्या लॉकरमध्ये, किल्ली साडेपाच फुटांवरच्या खिळ्याला. बीपी-शुगरची एखादी गोळीसुद्धा लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते. आईंना सुरुवातीला हे जाचक वाटलं. "अगं, रात्री मी किल्ली कुठे शोधत बसू?" म्हणाल्या. मग आम्ही ठरवलं की रात्रीची गोळी जेवणानंतर स्वयंपाकघरातच घ्यायची. आता ती विसरलीही जात नाही.

डांबरगोळ्याही हद्दपार करा. त्या पांढऱ्या, पेपरमिंटसारख्या दिसतात, तोंडात गेल्या तर विषारी, आणि काही मुलांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्यांनी फुटतात. आईंच्या ट्रंकेत आता वेखंडाचे तुकडे आणि वाळवलेला कडुलिंबाचा पाला, मलमलीच्या पुरचुंडीत बांधून. पुरचुंडी मात्र ट्रंकेच्या आतच.

कप्प्यांत एका वेळी दहा-बाराच खेळणी. बाकीची तीन पेट्यांत माळ्यावर, दर दुसऱ्या रविवारी अदलाबदल. पूर्वीचा मोठा प्लॅस्टिकचा टब मी काढून टाकला. टबात हवं ते नेहमी तळाशी असतं, मग मूल टब उपडा करतं, आणि आपण त्याला पसारा करू नकोस म्हणून ओरडतो. उथळ वस्तूंत ठेवा, म्हणजे सगळं वरून दिसेल: जुनी ताटं, बांबूच्या सुपल्या, मिठाईचे खोके. ठोकळ्यांना मी स्टीलची परात दिली होती, पण दुपारी आईंचा डोळा लागला की खणखणाट व्हायचा. परातीत जुन्या चादरीचा तुकडा घातला, आवाज गेला.

भातुकलीबद्दल जरा जास्त लिहिते, कारण त्या दुपारपासून ती माझ्या डोळ्यासमोरून हलत नाही. ही भातुकली आईंची, त्यांच्या लहानपणीची, सावंतवाडीची. लाकडाची, लाखेच्या रंगाची: तांबडी चूल, पिवळं-हिरवं जातं, पाटा-वरवंटा, कळशी, पोळपाट-लाटणं. जात्याचा खुंटा एका बाजूने झिजून तिथलं पांढरं लाकूड दिसतं. इतकी वर्षं ती ट्रंकेत होती, कारण हरवेल ही भीती. उपाय आईंनीच सुचवला. प्लायच्या उरलेल्या तुकड्यावर प्रत्येक भांडं ठेवून त्याच्याभोवती पेन्सिल फिरवली आणि ती आकृती गुलाबी रंगाने भरली. बावीस भांडी, बावीस ठसे. खेळ संपला की लेक एकेक भांडं आपापल्या ठशावर ठेवते. ठसा रिकामा राहिला की तीच म्हणते, "आजी, लाटणं कुठे गेलं?" आणि पलंगाखाली शिरते. मांडणीतल्या इतर कप्प्यांनाही आम्ही तेच केलं: पाटीवर लिहिण्याऐवजी वस्तूचं चित्र. वाचता न येणाऱ्या मुलाला "पझल" ही चिठ्ठी काय कामाची?

आईंना हे सुचलं याला कारण आहे. त्यांचं माहेर डहाणू तालुक्यातलं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली त्याच तालुक्यातल्या बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. इटलीच्या शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरींनी १९०७ साली रोममध्ये मुलांच्या मापाची टेबलं-खुर्च्या आणि हाताला येतील अशी कपाटं मांडली होती. ताराबाई-अनुताईंनी तो विचार आपल्या मातीत आणला, शिंपले, बिया, खडे अशा आसपास मिळणाऱ्या वस्तूंनी. आई लहानपणी त्या परिसरात वाढल्या. मी महागड्या लाकडी ट्रे बघत बसले होते तेव्हा त्यांनी मला सांगितलं, "मुलाचा हात पोचला की झालं, ट्रे कशाचा आहे ते मुलाला काय करायचंय."

पलंगाचं आम्ही आधी चुकीचं ठरवत होतो. आईंच्या दिवाणाखालून ओढायचा चाकांचा पलंग करावा म्हणजे दिवसा जागा मोकळी, असा विचार होता. नवऱ्याने जमिनीवर खडूने दोन्ही पलंग आखले आणि आईंना "रात्री बाथरूमला कशा जाल, दाखवा" म्हणाला. त्यांचा पाय दुसऱ्याच पावलाला खडूच्या पलंगात. तो बेत तिथेच सोडला. आता दिवाण दारापाशी, लेकीची आठ इंच उंचीची चौकी उत्तरेच्या भिंतीला, आणि दिवाणापासून दारापर्यंत तीन फुटांची वाट कायम रिकामी. आठ इंचांवरून पडलं तरी लागत नाही, म्हणून कठड्याची गरज पडली नाही. वाटेवर फरशीलगतच्या बोर्डात पिवळसर रात्रदिवा, बोर्ड आतून झडप असलेला. खोलीत सुटे पायपुसणे, गालिचे ठेवले नाहीत, आईंचा पाय घसरतो. खेळायला सतरंजी अंथरायची आणि खेळ झाला की गुंडाळून उभी करायची. दोन मजली पलंगाचा मोह होत असेल तर आधी छताच्या पंख्याकडे बघा. आपल्या नऊ-साडेनऊ फुटी छतांना तो धोकाच आहे.

खिडकीखाली काहीही ठेवू नका, पलंग तर नाहीच. आडव्या गजांची जाळी म्हणजे शिडीच, आणि गजांमधलं अंतर चार इंचांपेक्षा जास्त असेल तर मधे पट्ट्या जोडून घ्या. पडद्याच्या लोंबत्या दोऱ्याही काढा.

कपड्यांचं थोडक्यात: हाताशी फक्त सात जोड, घडी न घालता गुंडाळी करून उभे, म्हणजे एक ओढला तर बाकीचे कोसळत नाहीत. दप्तर आणि शाळेचा गणवेश लाकडी गोल खुंट्यांवर. खुंटी मात्र बरोबर ३ फुटांवर नको, तिथे तिचे डोळे येतात. आम्ही साडेतीन फुटांवर लावल्या. गुलाबीच्या वर अर्धा फूट, आजीच्या हद्दीत, म्हणून लेकीने आधी आजीची परवानगी मागितली.

आणि आवराआवर. "खोली आवर" हा हुकूम साडेचार वर्षांच्या मुलाला कळत नाही, तो फार मोठा आहे. आमच्याकडे दिवेलागणीला आई देवापाशी दिवा लावतात. त्याच्या आधी दहा मिनिटं त्या दिवाणावर बसून एकेका वस्तूचं नाव घेतात, "आता ठोकळे. आता पुस्तकं. आता जातं," आणि लेक ते ते जागेवर नेते. सतरंजी गुंडाळली की दोघी शुभंकरोतीला बसतात. पहिले पंधरा दिवस मीही बरोबर उचलत होते, मग हळूहळू हात काढून घेतला. आजारी असेल, पाहुणे असतील त्या दिवशी राहतं, तर राहू द्यावं.

पाचव्या वाढदिवसाला दाराच्या चौकटीवर पाचवी खूण झाली, ३ फूट ६ इंच. त्या संध्याकाळी सुतारकाकांनी दिलेली पाना-पेटी काढून नवऱ्याने मांडणीची मधली फळी एक भोक वर सरकवली. लेकीने तिच्या खाली डोकं घालून बघितलं आणि म्हणाली, आता इथे माकड उभं राहू शकतं.